शिवलेले आठ अध्याय

लग्नाला सहा महिने झाले तेव्हा बनारस स्टेशनच्या पार्सल ऑफिसात माझ्या नवऱ्याइतका परोपकारी माणूस दुसरा नव्हता. कुणाच्या मुलीला ताप आला, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, कुणाला नुसताच कंटाळा आला, की त्याची रात्रपाळी आमचे हे करत. दिवाळीची केली, छठपूजेची केली. त्यांचे सहकारी मला गल्लीत भेटले की हात जोडून म्हणत, "भाभीजी, आपके साहब तो देवता हैं." मी मान खाली घालून हसायची. मनात म्हणायची, देवताच आहेत, तोच तर घोटाळा आहे.

आता पन्नाशी ओलांडल्यावर हे सांगताना मला लाज वाटत नाही, उलट फार मजा येते. तेव्हा मात्र मी तेवीस वर्षांची होते, नगरकडच्या एका ख्रिस्ती मास्तरांची मुलगी, आणि मजा वाटण्यासारखं काही मला दिसत नव्हतं. मे महिन्यात लग्न झालं, जूनमध्ये मी बनारसला आले, आणि नोव्हेंबर उजाडला तरी माझ्या नवऱ्यानं माझा हात धरला होता तो फक्त लग्नात, पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा. ज्या दिवशी रात्रपाळी मिळत नसे त्या दिवशी हे पलंगाशेजारी गुडघे टेकून प्रार्थनेला बसत. माझ्यासाठी प्रार्थना, चर्चच्या मंडळीसाठी प्रार्थना, आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, हरवलेल्या पार्सलांसाठी. मला झोप लागेपर्यंत आमेन येत नसे.

माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. भाजी आणायचा, पाणी भरायचा, माझ्या हातचं खारट वरण मुकाट्यानं जेवायचा. एकदा माझी चप्पल तुटली तर स्वतः मोच्याकडे घेऊन गेला. पण मी चहाचा कप पुढे केला की कप असा घ्यायचा, जणू माझी बोटं विजेची तार आहेत. सुरुवातीला मला वाटलं लाजतोय. मग वाटलं, मी आवडले नाही. आणि हे दुसरं वाटणं एकदा घरात शिरलं की ते आरशातही दिसायला लागतं.

आम्ही दूधविनायक मोहल्ल्यात राहत होतो, एका मराठी शास्त्रीबुवांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत. ब्राह्मणाच्या घरात ख्रिस्ती बिऱ्हाड कसं, असं तुम्ही विचाराल. शास्त्रीबुवांनी दोन अटी घातल्या होत्या. घरात मांसमच्छी शिजायची नाही, आणि त्यांच्या नातवंडांशी मराठीतच बोलायचं. "पोरं हिंदीतच भांडतात, हिंदीतच रडतात," ते म्हणाले होते. "तुमचा देव कुठलाही असो, भाषा आमची आहे. बस, इतकं पुष्कळ." शास्त्रीबुवा सत्तरीचे, शेंडीवाले, आयुष्यभर विद्यार्थ्यांना संस्कृत काव्य शिकवलेले. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकूंनी दोन महिन्यांतच मला जिन्यात अडवून विचारलं होतं, "पोरी, सगळं ठीक ना? तुझा चेहरा असा परेशान का?" मी म्हटलं, हवा मानवत नाही. काकू म्हणाल्या, "हवा, की नवरा?" आणि उत्तराची वाट न बघता खाली गेल्या.

नोव्हेंबरात माझे सासरे आले. निवृत्त पाळक, सासूबाई जाऊन तीन वर्षं झालेली, एकटेच राहायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन मुलाकडे राहून करायचं ठरलं. ते झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, दहा-बारा दिवस पट्टी, मग गावी जायला हरकत नाही. पण सोबतीला कुणीतरी हवं. मी लगेच म्हटलं, मी जाईन पपांना सोडायला, तशीच आठ दिवस माहेरी राहून येईन. यांनी दोन तिकिटं काढली. त्यांना माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, की मी परत येणार नव्हते. ज्याला आपण नकोशा आहोत त्याच्या घरात आयुष्यभर भाजी निवडत बसायचं नाही, असं माझं ठरलं होतं. पलंगाखालची ट्रंक मी रोज दुपारी थोडी थोडी भरत होते.

आता पपांच्या घरचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं घडलं ते त्या नियमामुळे. रोज संध्याकाळी सातला कौटुंबिक प्रार्थना, आणि तीत पवित्र शास्त्रातला एक अध्याय, क्रमानं. वगळायचं काही नाही. वंशावळ आली तर वंशावळ, मंडपाच्या पडद्यांची मापं आली तर मापं. "प्रभूनं जे लिहवलं ते आपण गाळायचं नाही," असं पपा म्हणत. पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं, चामडी बांधणीचं, ट्रंकेतून कापडात गुंडाळून आणलेलं. एरवी ते स्वतः वाचत. आता एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचायचं आणि पपांनी चार वाक्यांत त्याचा अर्थ सांगायचा.

या प्रार्थनेला एक चौथे श्रोतेही होते. शास्त्रीबुवा. आमच्या उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर ते आपलं आसन टाकून बसत. आत आले नाहीत म्हणजे सोवळंही राहिलं आणि ऐकायलाही मिळालं. त्यांना मराठी गद्य ऐकायची भूक होती आणि पपांना श्रोत्यांची. दोघांची पहिल्या दिवसापासून गट्टी जमली.

त्या दिवसांत आम्ही शास्त्रातल्या, सगळं काही व्यर्थ आहे असं सांगणाऱ्या पुस्तकातून चाललो होतो. माझ्या मनःस्थितीला ते चांगलं शोभत होतं. ते एका सोमवारी संपलं. मंगळवारी मी पुढचं पान उलटायला गेले तर ते उलटेना. पाहिलं तर पुढची काही पानं मोकळ्या कडेला एकत्र शिवलेली. पांढऱ्या दोऱ्याचा बारीक, सरळ धावदोरा, वरपासून खालपर्यंत, रुमालाची कड शिवावी तसा.

"पपा, इथली पानं शिवलेली आहेत."

माझा नवरा एकदम उभा राहिला आणि खिडकी लावायला गेला. खिडकी लावलेलीच होती.

पपांनी विचारलं, "किती टाके आहेत?"

"मोजू का?"

"नको. उसव."

"पपा," खिडकीकडे तोंड करून हे म्हणाले, "त्याच्या पुढचं पुस्तक घेऊ या का? संदेष्ट्यांचं?"

"मधलं का सोडायचं?"

"नाही, म्हणजे शिवलेलं आहे तर."

"शिवलेलं उसवता येतं. सूनबाई, ब्लेड आण. पानाला लागू देऊ नकोस. आणि दोरा टाकू नकोस, माझ्याकडे दे."

मी एक एक टाका कापला. दोरा निघाला तो पपांनी बोटानं चाचपला, गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग मी वाचायला लागले.

ज्यांना ते आठ अध्याय माहीत आहेत ते आता हसत असतील. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, ते प्रेमगीत आहे. त्यात आज्ञा नाहीत, वंशावळी नाहीत, देवाचं नावसुद्धा शोधावं लागतं. एक नवरी, एक नवरा आणि मध्ये मध्ये बोलणाऱ्या सख्या. नवरी काही लाजत वगैरे नाही. तोंड उघडल्याबरोबर ती चुंबन मागते. आणि हे मी, तेवीस वर्षांची सून, सासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या पाठीकडे बघत, उंबऱ्याबाहेर एक शास्त्री बसलेला असताना, खणखणीत आवाजात वाचायचं. खणखणीत यासाठी की पपांना हळू वाचलेलं चालत नसे. पहिल्या वाक्यानंतर मी उठून पाणी पिऊन आले.

"पुढं," पपा म्हणाले.

मी वाचलं. संपल्यावर पपांनी नेहमीच्या, मंडळीपुढच्या आवाजात अर्थ सांगितला. यातला नवरा म्हणजे प्रभू ख्रिस्त, नवरी म्हणजे त्याची मंडळी, तुम्ही आम्ही सगळे. तिची ओढ ही आत्म्याची ओढ. आमेन.

माझ्या नवऱ्यानं इतका मोठा श्वास सोडला की कंदिलाची ज्योत हलली असती. वीज गेलेली नव्हती, म्हणून कंदील लावलेला नव्हता इतकंच.

पायरीवरून आवाज आला. "पाळकसाहेब, एक विचारू का?"

"विचारा ना."

"आमच्याकडेही अगदी हेच आहे. गोपी म्हणजे जीव, तिचा सखा म्हणजे परमात्मा. चाळीस वर्षं मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो. आणि चाळीस वर्षं मागच्या बाकावरचा एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, की गुरुजी, जीवाला इतकी अत्तरं कशाला लागतात?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"मी सांगतो, परीक्षेत हे येणार नाही."

पपा हसले. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच हसले. हसू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, टाक्यांवर ताण येतो म्हणून मी त्यांना दटावलं. हे मात्र हसले नाहीत. ते पार्सल ऑफिसात निघून गेले. कुणाच्या तरी मेव्हण्याला काहीतरी झालं होतं.

दुसऱ्या अध्यायाला यांची रात्रपाळी होती, तिसऱ्यालाही. दोन्ही दिवस मी वाचलं, पपांनी तोच अर्थ सांगितला, आणि शास्त्रीबुवांनी मेंढपाळांच्या उपमांचं कौतुक केलं. मला एक गंमत वाटायला लागली होती. ती नवरी माझ्यासारखीच होती. ती शोधत होती, तो सापडत नव्हता, ती पहारेकऱ्यांना विचारत फिरत होती. मला वाटलं, बाई, पार्सल ऑफिसात बघ.

शुक्रवारी सकाळी यांनी बूट काढायला पलंगाखाली हात घातला आणि आड आलेली ट्रंक बाहेर ओढली. मी दारात डाळ निवडत होते. ट्रंक ओढली आणि ते तिथेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी तिची एक कडी धरून ती जमिनीपासून वीतभर उचलली आणि परत ठेवली. सहा वर्षं पार्सलं उचललेला माणूस. काट्यावर न ठेवता वजन सांगायचा.

"अडतीस किलो," ते म्हणाले.

मी डाळ निवडत राहिले.

"आठ दिवसांचं सामान अडतीस किलो नसतं."

"नसतं."

"परत यायचं नाही असं आहे का?"

"तुम्हीच सांगा, कशासाठी यायचं."

इतकंच बोलणं झालं. पपा आतल्या खोलीतून "सूनबाई, थेंब" म्हणाले, डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. मी हात धुऊन आत गेले. परत आले तेव्हा हे निघून गेले होते, आणि ट्रंक पुन्हा पलंगाखाली होती, अगदी भिंतीला लावून.

त्या संध्याकाळी त्यांना रात्रपाळी होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. ते पावणेसातला घरी आले आणि सतरंजीवर बसले. चौथा अध्याय होता. तो पहिल्यापासून नवऱ्याच्या तोंडी आहे. तो नवरीचं वर्णन करतो, वरून सुरुवात करतो आणि सावकाश खाली येतो. डोळे, केस, दात, ओठ, मान. तिच्या दातांना नुकत्याच धुतलेल्या मेंढ्यांची उपमा आहे. आमच्या गावाकडे मेंढरं पाहिलेली असल्यामुळे ती मला पटली होती. पुढे मानेखाली काय आहे ते मी दुपारीच चोरून वाचून ठेवलं होतं.

मी पुस्तक उघडलं तर पपा म्हणाले, "आज नवऱ्याचा भाग आहे. नवऱ्यानं वाचायचा."

मी पुस्तक यांच्या हातात दिलं. ते पुस्तकाकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता हे उठून खिडकीकडे जाणार.

"मला जमणार नाही, पपा."

"का? डोळे तर तुझे चांगले आहेत."

"तुम्ही विचारता, का?" त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "ही पानं तुम्ही शिवलीत. मी दहा वर्षांचा होतो, टाचणीनं एक टाका उसवून बघत होतो तर आईनं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली, ती यासाठी. तुम्ही दारात उभे होतात. काही बोलला नाहीत, दार लावून घेतलंत. मी काय समजायचं? शास्त्रातसुद्धा जे शिवून टाकावं लागतं, ते काय असेल? लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला आत बोलावलंत. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. तुम्ही दार लावलंत आणि म्हणालात, बेडिंग बांधताना दोरी घट्ट आवळ, गाडीत सुटते."

पायरीवर शास्त्रीबुवा खोकले. खोकण्यासारखं काही नव्हतं.

पपांनी शांतपणे विचारलं, "मी शिवलीत?"

"मग कुणी?"

"अरे, मला सुईत दोरा ओवता येतो का? सदऱ्याचं बटण तुटलं तर मी टाचणी लावून प्रवचन केलंय, माहीत नाही तुला? तुझ्या आईनं शिवलीत."

पपांनी खिशातून तो दोरा काढला आणि बोटाभोवती गुंडाळत बोलायला लागले. त्यांचा तो मंडळीपुढचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"आमचं लग्न लावलं त्या म्हाताऱ्या पाळकांनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात दुसरं काही वाचू नका. रोज एक अध्याय, नवरीचं नवरीनं वाचायचं, नवऱ्याचं नवऱ्यानं. मी एकोणीस वर्षांचा, ती सतरा. तिला धड वाचता येत नव्हतं. अक्षरावर बोट ठेवून वाचायची. मला वाटलं मी मरतो की काय लाजेनं. चौथ्या दिवशी ती हसायला लागली. मेंढ्यांपाशी. मग मीही हसलो. त्यानंतर दर वर्षी लग्नाच्या तारखेला आम्ही वाचायचो. वाचून झालं की ती पानं शिवायची. पुढच्या वर्षी ब्लेडनं उसवायची. मी म्हणायचो, कशाला गं, पवित्र शास्त्र आहे, सगळ्यांचं आहे. ती म्हणायची, बाकीचं सगळ्यांचं आहे. एवढं आपलं दोघांचं राहू द्या. पाळकाच्या घरात तेव्हा काय आपलं असायचं? दार उघडं, चूल उघडी, जेवायला कायम दोन माणसं जास्त. म्हणून ती शिवायची, आणि घरच्या प्रार्थनेत एवढं मात्र मी ओलांडून जायचो."

"आणि मला मारलं ते?"

"तू तिच्या कपाटात हात घातलास म्हणून मारलं. माझी पत्रं काढली असतीस तरी मारलं असतं. मी दार लावलं ते हसू आलं म्हणून. तुझ्यासमोर हसलो असतो तर तिनं मलाही मारलं असतं."

मी दुसरीकडे बघत होते. माझ्या कानात शेवटचा टाका कापल्याचा आवाज अजून होता. ते सासूबाईंनी घातलेले शेवटचे टाके होते, आणि पपांनी मला ते उसवायला सांगितले होते. एका डोळ्यानं ट्रंक दिसत नसली तरी घरात काय चाललंय ते त्या माणसाला दिसलं होतं.

"पण पाळकसाहेब," शास्त्रीबुवा उंबऱ्यापाशी सरकले, "मग प्रभू आणि मंडळी? ते काय, परीक्षेपुरतं?"

"नाही हो. ते खरंच आहे. चाळीस वर्षं मी मंडळीपुढं तेच सांगितलं आणि एकदाही खोटं बोललो नाही. पण मला ते समजलं कशावरून? मी बाहेरगावच्या मंडळ्यांकडून पंधरा पंधरा दिवसांनी घरी यायचो. ती दिवा घेऊन फाटकात उभी असायची. प्रभू आपली वाट बघतो असं वाक्य आलं की मला ते फाटक दिसायचं. ज्यानं फाटक पाहिलं नाही त्याला मी काय सांगू? माझी चूक एकच. वरचा मजला सगळ्यांना दाखवत बसलो, आणि माझ्याच पोराला जिना दाखवायचा राहिला. बेडिंगचं सांगितलं." मग ते मुलाकडे वळले. "तुला मी सांगायला हवं होतं. मला तोंड नव्हतं. आईनं सांगितलं असेल असं मला वाटलं, आणि मी सांगितलं असेन असं तिला. आता वाच. अडलास तर मी आहे, मला पाठ आहे."

त्यांनी वाचलं. असं वाचलं की जणू पार्सलाची पावती वाचतायत. डोळे एक नग, केस एक नग. दातांपाशी आले, मेंढ्या आल्या, आणि तिथे त्यांनी पुस्तकावरून नजर वर केली. का केली देव जाणे. मला वाटतं खात्री करून घ्यायला. मी मघापासून ओठ घट्ट मिटून बसले होते, तो माणूस माझ्या दातांकडे इतक्या गंभीरपणे बघायला लागला की मला हसू फुटलं. दात दिसले. ते पाहून तेही हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका गोष्टीला एकाच वेळी हसलो.

"मेंढ्यांपाशीच ना?" पपा म्हणाले. "पुढं वाच. इथं थांबायचं नाही."

मान आली, आणि मानेखालचंही आलं. ते त्यांनी अगदी हळू वाचलं, आणि पपांनी "मोठ्यानं" म्हटलं नाही. शास्त्रीबुवा तेवढ्यात "अगं, पाणी तापलं का?" असं खाली ओरडत उतरून गेले. काकूंनी पाणी तापवलेलंच नव्हतं. सत्तर वर्षांच्या विद्वानाला कुठे उठून जावं ते बरोबर कळत होतं.

पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. सासूबाईंनी दोरा घातला, मी पडदा टाकते. एवढंच सांगते की यांची पलंगाशेजारची प्रार्थना त्या दिवशीही झाली, पण तीन वाक्यांत आटोपली. आणि एकदम सगळं काही सुरळीत वगैरे झालं नाही, तसं होत नसतं. मधल्या काळात दोन चहाचे कप फुटले आणि एकदा माझं कोपर त्यांच्या नाकावर बसलं. पण मी यांना नकोशी आहे असं वाटायचं ते गेलं. ते इतकं सहज गेलं की मला राग आला. सहा महिने मी त्या वाटण्याला घरात जेवायला घातलं होतं.

पाचव्या अध्यायाला शास्त्रीबुवांनी अर्जच केला. "यात सख्यांचा भाग आहे, तो वाचायला कुणी नाही. तो मी वाचतो," ते म्हणाले. पपांनी परवानगी दिली. मग उंबऱ्याबाहेर उभं राहून, माझ्या खांद्यावरून पुस्तकात डोकावत, शेंडी सावरत, शास्त्रीबुवा त्या गीतातल्या शहरच्या तरुण मुली झाले. नवरीला त्यांनी असं लाडिकपणे विचारलं, की बाई गं, तुझ्या सख्यात इतकं काय आहे, की मला उत्तर वाचणं जमेना. खालून काकूंचा आवाज आला.

"पंचेचाळीस वर्षांत मला एक गजरा आणला नाही. आणि तिकडे सखी व्हायला बसलेत."

"मी शास्त्रार्थ करतोय," शास्त्रीबुवा म्हणाले.

"करा. उद्या येताना गजरा घेऊन करा."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा नाही तरी शेवंतीचा गजरा होता. नोव्हेंबरात मोगरा मिळत नाही. काकू दिवसभर तो सगळ्यांना दिसेल अशा बेतानं अंगणात मान वळवून वळवून फिरत होत्या, आणि "म्हाताऱ्याची बुद्धी फिरली" असं सांगत होत्या.

त्याच आठवड्यात पार्सल ऑफिसात कुणाच्या साडूकडे बारसं होतं. यांनी रात्रपाळी घ्यायला नकार दिला. तो सहकारी मला पुढे म्हणाला, "भाभीजी, साहब बदल गए." मी म्हटलं, "हाँ भैया, थोड़े."

आठवा अध्याय आम्ही मंगळवारी संपवला. शेवटी पपांनी अर्थ सांगायचा, तर ते म्हणाले, आज अर्थ नाही, आज आमेन. बुधवारी पट्टी निघाली. खोलीत त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, नीट दिसतंय ना पपा? ते म्हणाले, "दिसतंय. तुमच्या भिंतीला पापुद्रे सुटलेत."

त्यांच्या जायच्या आदल्या दिवशी मी त्यांचे सदरे घडी करत होते. ते खुर्चीवर बसून नव्या डोळ्यानं उगाचच खिडकीबाहेरची माकडं मोजत होते.

"सूनबाई, तू येतेस ना माझ्यासोबत? तिकीट काढलंय."

"नाही पपा."

"का गं?"

"घरी काम आहे."

"हं," ते म्हणाले. "असतं काम." आणि पुन्हा माकडं मोजायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या गाडीचा गार्ड याच्या ओळखीचा आहे. मला सोबतीची गरज नव्हतीच तशी."

मी सदऱ्यात तोंड खुपसून रडले. पपांनी पाहिलं असणार. पण खिशाच्या बाजूला ओलं करू नकोस, तिथे दोरा आहे, एवढंच ते म्हणाले.

त्यांची गाडी पहाटेची होती. हे त्यांना पोचवून आले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. गल्लीत धुकं होतं आणि दूधवाल्यांच्या किटल्या खडखडत होत्या. मी जिन्याखाली दाराशी उभी होते. यांच्या दोन्ही हातांत एकेक मातीची वाटी होती, पिवळ्या फेसानं शिगोशिग भरलेली. मलइयो. दुधाचा फेस, थंडीतल्या दवात धरलेला, ऊन चढलं की विरून जाणारा. बनारसला येऊन सहा महिने झाले होते, पण थंडी पडल्याशिवाय तो मिळत नाही, म्हणून मी चाखला नव्हता.

"इथेच खा," ते म्हणाले. "वर नेईपर्यंत बसतो तो."

आम्ही गल्लीतच उभं राहून खाल्लं. जिभेवर ठेवला की काही नाहीच, नुसतं केशर. समोरचा पानवाला फळी पुसत होता. शास्त्रीबुवा कमंडलू घेऊन घाटावर निघाले होते, त्यांनी आमच्याकडे न बघता पाहिलं. मी वाटी उंच करून शेवटचा फेस ओठांनी ओढून घेतला, आणि खाली केली तर हे माझ्याकडे बघत होते.

"लागलाय," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी हात पुढे केला आणि भर गल्लीत, पानवाल्यासमोर, अंगठ्यानं माझ्या वरच्या ओठावरचा फेस पुसला. सावकाश पुसला. मग तो अंगठा कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. क्षणभर तसाच हवेत धरून उभे राहिले, आणि मग चाटून टाकला.